दहा रुपयांचा स्टॅम्प आणि पाइपाची खोली: माहिती अधिकार वापरून बघितला, त्याचा अनुभव

पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढं सांगते.

गोदाकाठच्या एका गावात माझी पिठाची गिरणी आहे. मागं आमच्या गल्लीत नळयोजना आली. दारोदार तोट्या बसल्या, पंधरा दिवस पाणी आलं, आणि मग गिरणीसमोरून उसाचा ट्रॅक्टर गेला तसा पाइप फुटला. दुरुस्त केला, परत फुटला. दळणाला येणाऱ्या बाया डबा एका काखेत नि कळशी दुसऱ्या काखेत घेऊन यायला लागल्या. मत आपण पाच वर्षांतून एकदा देतो. मधल्या काळात विचारायचं कुणाला? म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला.

पहिला अर्ज वाया गेला, आणि त्यात चूक माझीच होती. मी लिहिलं होतं, ‘पाइप वारंवार का फुटतो? जबाबदार कोण?’ उत्तर आलं की अशी प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. तेव्हा राग आला, पण कायदा तसाच आहे. कार्यालयाच्या दप्तरात जे कागद आहेत ते मागायचे, खुलासे नाहीत. कागद कशासाठी पाहिजे हे मात्र तुम्हाला कुणी विचारू शकत नाही.

दुसऱ्यांदा जोडपत्र ‘अ’, म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, भरलं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि एवढंच लिहिलं: नळयोजनेचं मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) यांच्या साक्षांकित प्रती. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, त्यामुळं फार लिहिता येत नाही हे बरंच आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी माफ आहे. आवक-जावकमधून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय मी तिथून हलले नाही. तुम्हीही हलू नका, पुढं सगळं त्या शिक्क्यावर अवलंबून असतं.

तीस दिवस गेले, काही आलं नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणीत कागद द्यायचा आदेश झाला. कागद घ्यायला गेले तर तिथले बाबू म्हणाले, “ताई, चौदा पानं आहेत, दोन रुपयांनी अठ्ठावीस भरा.” मी म्हणाले, “साहेब, मुदत टळली की माहिती फुकट द्यावी लागते. कलम 7, पोटकलम 6.” त्यांनी वर बघितलं आणि पानं माझ्यापुढं सरकवली.

ती पानं मी गिरणीत, पट्टा बंद करून, ट्यूबच्या उजेडात वाचली. नवव्या पानावर आमची गल्ली होती. लांबी, रुंदी, आणि शेवटच्या रकान्यात खोली: 0.90 मीटर. दुसऱ्या दिवशी फुटलेल्या जागी माती बाजूला करून पट्टी धरली. पाइपापर्यंत एक फूट. तीन फुटांचं बिल, एक फुटाची चारी. ट्रॅक्टरचा काय दोष?

ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. तिथं मी ते पान वाचून दाखवलं, कागद हातोहात फिरला, आणि 26 जानेवारीला बाया घरातलं काम आवरून आल्या. ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातला कमी आकडा तो कोरम, म्हणजे सभा भरायला लागणारी कमीत कमी हजेरी. आमच्याकडं एरवी सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही, म्हणून चार टाळकी ठराव करून मोकळी. त्या दिवशी शाळेच्या ओट्यावर जागा उरली नव्हती. सगळ्यांसमोर चारी मोजायची आणि खर्चाचा हिशेब लावायचा, असा ठराव प्रोसिडिंगला लिहून घेतला.

राजस्थानातल्या मजुरांनी 1990 च्या दशकात हजेरीपटाच्या नकला मागितल्या, 1996 ला ब्यावरला धरणं धरलं, त्यातून या कायद्याची मागणी उभी राहिली. आपल्या महाराष्ट्राचा कायदा 2002 चा, देशाचा 2005 चा. रोजगार हमीवर खडी फोडलेल्या माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “आमच्या वक्ताला मस्टर कुणी दाखवलं असतं का?”

आता कापलेला गुण. माहिती द्यायला उशीर केला तर अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25 हजार दंड होऊ शकतो. पण तो लावण्याचा अधिकार माहिती आयोगाचा. म्हणजे दुसरं अपील, परत तारीख, परत मजुरी बुडवून चकरा. पहिल्या अपिलातच कागद मिळाल्यावर पुढं कोण जातं? उशीर करणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.

गेल्या महिन्यात चारी परत खोदली. मी पट्टी घेऊन उभी होते, शेजारच्या चौघीही होत्या. तीन फूट भरली. गल्लीच्या वरच्या टोकाचं काम अजून बाकी आहे, त्याचा अर्ज सोमवारी टाकते आहे. जोडपत्र ‘अ’च्या कोऱ्या प्रती गिरणीत वजनकाट्याशेजारी ठेवल्यात. ज्याला पाहिजे त्यानं न्यावी, लिहिता येत नसेल तर दळण होईपर्यंत मी लिहून देते.