शून्य ते दहा व्होल्टचा डॅक मोड्यूल: अख्खा पावसाळा वापरल्यावर

स्पेसिफिकेशन लिस्टिंगवर आहेतच, परत लिहीत नाही. कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये हळद पॉलिशच्या ड्रमची ड्राइव्ह (मोटरचा स्पीड ठरवणारा कंट्रोलर) या १२ बिटच्या मोड्यूलवर चालते. डॅक म्हणजे दिलेल्या आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप. पावसाळ्याआधी लावला, एकदाही बंद पडला नाही. तरी दोन स्टार कापले होते, कारण आउटपुटवर बारीक काटे दिसायचे, पंधरा मिलीव्होल्टच्या आसपास.

विकणाऱ्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "सर, नॉईज नॉर्मल आहे. बदलून देतो, कुरिअर तुमचा." जाऊन-येऊन कुरिअरच्या पैशात अर्धा मोड्यूल येतो!

आणि हा नॉईज नव्हताच. रेझिस्टर आला की थर्मल नॉईज (उष्णतेमुळे येणारी खरखर) आला, १ किलोओहमला साधारण ४ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ. त्याला माझी हरकत नाही. ओळखायचं असेल तर स्कोप (व्होल्टेजची रेघ दाखवणारं यंत्र) क्लॉकच्या, म्हणजे डेटाला ताल देणाऱ्या सिग्नलच्या लाइनवर ट्रिगर करा आणि ६४ रेघांचं ॲव्हरेजिंग लावा. खरा नॉईज आठपट खाली येतो. माझे काटे जागचे हलले नाहीत, म्हणजे ते क्लॉकला बांधलेले. (प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून स्प्रिंग लावा, नाहीतर वायरच अँटेना होते आणि काटे फुगवून दाखवते.)

गंमत म्हणजे ड्रमचा स्पीड तासन्‌तास तोच, डॅकला नवीन कोड (आकडा) जातच नव्हता. त्यामुळे २०४७ वरून २०४८ ला जाताना सगळे बिट एकदम पलटून जो ग्लिच येतो, तोही नव्हे. चिप सिलेक्ट हाय, म्हणजे डॅकला "तू ऐकू नको" असा इशारा, डॅक गप्प, आणि काटे चालूच. बोलत होता तो डिस्प्ले, डॅकच्याच एसपीआय लाइनवर (चिपांना डेटा देणाऱ्या सामायिक तारा). त्याच्या क्लॉकच्या कडा चिपमधून आणि ग्राउंडमधून आउटपुटवर झिरपत होत्या. चांगल्या डेटाशीटमध्ये हा डिजिटल फीडथ्रू नॅनोव्होल्ट-सेकंदात वेगळा दिलेला असतो. इथे लिस्टिंगवर "लो नॉईज" एवढंच.

डिस्प्लेला वेगळ्या पिना दिल्या, क्लॉकच्या लाइनमध्ये १०० ओहम टाकला. मग डॅक आणि ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) मधला शून्य ओहमचा रेझिस्टर काढून तिथे १ किलोओहमचा आणि ऑप-अँपच्या बाजूने ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. फिल्टर साधारण १.६ किलोहर्ट्झचा झाला. स्पीड बदलायला एखादा मिलीसेकंद जास्त लागला तर लागू दे. हा रेझिस्टर आउटपुटला लावू नका. ड्राइव्हचा इनपुट १० किलोओहमचा असेल तर नऊ टक्के व्होल्टेज तिथेच जातं.

आता रेघ साफ आहे. खर्च चहा-वड्याएवढा. म्हणून एक स्टार परत दिला.

घरचे विचारतात, ड्रमला काय फरक पडला? काही नाही. ड्राइव्ह १० व्होल्टला मोटरला ५० हर्ट्झ देते, तर १५ मिलीव्होल्टला ०.०७५ हर्ट्झ, आणि इतके बारीक काटे ड्राइव्हचा स्वतःचा फिल्टरच गिळतो. हळद तेव्हाही पिवळीच निघत होती. पण बोर्डावर क्लॉकची ट्रेस ॲनालॉग आउटपुटला अगदी चिकटून नेली आहे, हे बघितल्यावर पाचवा स्टार काही देववत नाही.