न्यूरेंबर्गची कोर्टरूम ६००: बेन फेरेन्झसाठी तरी नक्की जा

न्यूरेंबर्गला आधी दोनदा जाऊन आलो होतो, किल्ला आणि ख्रिसमस मार्केट बघून परत. ह्यावेळी मुद्दाम यू१ मेट्रोने बेअरेनशान्झेला उतरलो आणि पॅलेस ऑफ जस्टिसला गेलो. वरच्या मजल्यावर २०१० ला सुरू झालेलं मेमोरियम म्युझियम आणि त्याच्या खाली ती कोर्टरूम, जिथे दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर खटले चालले.

बहुतेक लोक ग्योरिंग वगैरे बड्या नाझींसाठी येतात, आरोपींचे मूळ बाकडे तिथे ठेवलेत त्यापुढे गर्दी असते. पण माझं म्हणणं, नंतरच्या १२ खटल्यांचा भाग अजिबात घाईत उरकू नका, त्यातल्या एका खटल्याचा अमेरिकन सरकारी वकील बेन फेरेन्झ तिथे भेटतो. ट्रान्सिल्व्हेनियात १९२० चा जन्म, तान्हा असतानाच घरचे अमेरिकेला गेले, हार्वर्डला लॉ केलं आणि लगेच आर्मीत विमानविरोधी तोफखान्यात, नॉर्मंडीपासून थेट जर्मनीपर्यंत. मग बुखेनवाल्ड, माउथहाउझेनसारख्या नाझी छळछावण्यांत जाऊन पुरावे गोळा करायचं काम, जे बघितलं ते आयुष्यभर विसरला नाही.

पुढे बर्लिनमध्ये नाझींच्या एसएस दलाच्या आइनझाट्सग्रुपेन, म्हणजे फिरत्या हत्या-तुकड्यांचे रिपोर्ट सापडले, कुठल्या गावात किती ज्यू मारले ते तारखेसकट लिहिलेलं. फेरेन्झ आकड्यांची बेरीज करत बसला आणि दहा लाखांच्या पुढे गेल्यावर थांबला. वरिष्ठ म्हणाले ह्या केसला माणसं नाहीत, तर हा म्हणाला मीच चालवतो!! वय २७, आयुष्यातली पहिली केस. साक्षीदार उभे न करता फक्त त्यांच्याच कागदांवर दोन दिवसांत सरकारी बाजू मांडून संपवली, २२ च्या २२ दोषी ठरले, १४ जणांना फाशीची शिक्षा झाली, प्रत्यक्षात चौघांनाच दिली गेली.

पुढे नाझी अत्याचारांतून जिवंत राहिलेल्यांच्या भरपाईसाठी लढला, कायमचं आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्ट व्हावं म्हणून कित्येक वर्षं मागे लागला आणि २०११ ला हेगमध्ये त्याच कोर्टाच्या पहिल्या खटल्यात वयाच्या ९१ व्या वर्षी बोलायला उभा राहिला. २०२३ ला गेला, १०३ वर्षांचा होऊन.

कोर्टरूम फोटोतल्यापेक्षा लहान वाटते, कारण तेव्हा भिंत पाडून वाढवली होती आणि नंतर ती परत बांधली. ऑडिओ गाइड तिकिटातच येतो, तो घ्याच, तीन तास हाताशी ठेवा, मंगळवारी बंद असतं.

पुढच्या महिन्यात आईबाबा येतायत, त्यांनाही नेणारे. बाबा कोर्टात शिरस्तेदार होते, नुसत्या कागदांवर केस उभी करणं म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागणार नाही.