डोंगरवाटेसाठी घोडा: माथेरानचा की शर्यतीतला?

ठाणे किंवा पनवेल परिसरात राहून डोंगरवाटेसाठी घोडा घेऊ पाहणाऱ्यासमोर बहुधा दोन पर्याय येतात: माथेरानच्या घोडेवाल्याकडचा कामाचा घोडा किंवा शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी जोपासलेल्या जातीचा घोडा.

माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी असल्याने तिथला घोडा रोज लाल मातीच्या चढउतारांवर, पर्यटकांच्या गर्दीत आणि माकडांच्या गोंगाटात चालतो, आणि सुटा दगड दिसला की लगाम न ओढताही पाऊल जपून टाकतो. माझा कौल त्यालाच आहे. मात्र वर्षानुवर्षांच्या ओझ्याने त्याची पाठ दुखावलेली असू शकते. म्हणून खोगीर उतरवून कण्यालगत तळहाताने हळूहळू दाबत जावे आणि त्याने कान मागे पाडले किंवा पाठ खाली घेतली, तर सौदा तिथेच थांबवावा. वय बहुधा तोंडी सांगितले जाते. दात पाहिल्यास पाच वर्षांपर्यंतचा अंदाज बराचसा बरोबर येतो, पुढे तो सैल होत जातो.

थरोब्रेडचे वय आणि वंशावळ नोंदणीमुळे कागदावर मिळते, ही त्याची मोठी जमेची बाजू. परंतु दोन वर्षांच्या कोवळ्या वयापासून धावलेल्या पुढच्या पायांची गुडघ्याखालची नळी मागून चाचपावी. एकाच पायात जाडी किंवा ऊब लागली, तर जुनी दुखापत गृहीत धरावी. शिवाय सपाट मैदानाची सवय असलेल्या या जनावराला खडकाळ उतार संयमाने, महिनोन्महिने शिकवावा लागतो.

घोडा कोणताही असो, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी पैसे देण्याआधीच करून घ्यावी, कारण हा रोग माणसालाही होतो.