दोन मेंदूंचा मेळ मोजायचा: ईईजी की एफएनआयआरएस?

मानसशास्त्राच्या एका विद्यार्थिनीला गप्पा मारणाऱ्या दोघांच्या मेंदूंतला मेळ मोजायचाय, म्हणजे दोघांच्या मेंदूंचं काम किती एका लयीत चालतं ते पाहायचंय. यंत्र कोणतं, इथे गाडी अडलीय.

वेगात ईईजीच सरस. डोक्यावर लावलेल्या सेन्सरांनी मेंदूतल्या विजेचे बदल तो मिलिसेकंदांत टिपतो. एफएनआयआरएस डोक्यावर प्रकाश टाकून मेंदूच्या रक्तातला प्राणवायू मोजतो, म्हणून काही सेकंद मागे. खर्चही ईईजीचा सहसा कमी.

पण माणसं बोलणार, हसणार! जबडा हलला की ईईजीचा आलेख गढूळ होतो. एफएनआयआरएस हालचाल बरीच सोसतो. मात्र दाट काळे केस प्रकाश अडवतात. बटा बाजूला सारून एकेक सेन्सर टेकवावा लागतो. शिवाय दोघांचा श्वास एका लयीत आला, तरी मेंदूच जुळल्यासारखे दिसतात. श्वास आणि नाडी वेगळी नोंदवाच.

शांत बसून ताल धरायचा असेल तर ईईजी. मोकळ्या गप्पा किंवा आई-बाळाचा खेळ असेल तर एफएनआयआरएस.