फुकटचा सातबारा की १५ रुपयांचा?

पीककर्जासाठी सातबारा हवाय, भूलेख या सरकारी संकेतस्थळावरचा फुकटचा चालेल का, असं भाच्यानं विचारलं.

खर्चात फरक १५ रुपयांचा: महाभूमीच्या डिजिटल सातबारा पोर्टलवर तेवढे पैसे भरावे लागतात. खटपट जवळपास सारखीच: जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर. खरा फरक वजनाचा. भूलेखवरच्या उताऱ्यावर सही नसते, तो माहितीपुरता. महाभूमीवरच्यावर डिजिटल सही आणि पडताळणी क्रमांक असतो, म्हणून तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही. (त्या सहीसाठी पूर्वी चावडीवर किती खेटे घातलेत!)

फेरफार चढला का, वारसांची नावं लागली का, एवढंच बघायचं तर फुकटचा बास. बँक किंवा कोर्टासाठी १५ रुपये टाक. नावच चुकलं असेल तर मात्र आधी दुरुस्तीचा अर्ज कर.