सुई न टोचता साखर मोजणारं घड्याळ

ज्यांचे आईवडील गावी एकटे राहतात आणि मुलं पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आहेत, त्यांनी हे जरूर वाचावं. असली घड्याळं विकणाऱ्यांना नेमकी अशीच घरं हवी असतात.

सांगलीत माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलवर मोफत तपासणी शिबिर भरलं होतं. बीपी, वजन, साखर, वर चहा-बिस्किटं. साखर तपासताना बोटाला सुई टोचून मशीनवरच तपासली होती. शिबिरात विश्वास कमवायला खरं मशीन आणि पैसे घेऊन घरी द्यायला दुसरंच! तिथला फॉर्म भरताना 'मुलं कुठे असतात' असा एक रकाना होता. आप्पांनी प्रामाणिकपणे लिहिलं, मुलगा पुण्यात, मुलगी नेदरलँड्सला.

दोन दिवसांत एक नम्र तरुण घरी हजर. 'काका, दादांना पुण्याहून यायला साडेचार तास लागणार. आमची सिस्टर दोन मिनिटांत फोन करते.' पॅकेजमध्ये मनगटी घड्याळ, ॲप, संकटात दाबायचं बटण, महिन्यातून एकदा नर्सची भेट आणि चोवीस तास डॉक्टरांची देखरेख. घड्याळावर बीपी, ऑक्सिजन, ईसीजी आणि सुई न टोचता साखर. किंमत ५४,००० रुपये, पण 'आत्ता काहीच भरायचं नाही काका, महिन्याला फक्त ३,०००'. मग आधार, पॅन, 'ॲपला फोटो लागतो' म्हणून सेल्फी आणि 'रजिस्ट्रेशनचा' ओटीपी. तो ओटीपी कर्जाच्या करारावरच्या सहीचा होता. एका फायनान्स कंपनीने आप्पांच्या नावे अठरा हप्त्यांचं कर्ज मंजूर केलं, सगळी रक्कम विकणाऱ्याला देऊन टाकली आणि पेन्शनच्या खात्यावर मँडेट, म्हणजे दरमहा हप्ता आपोआप कापायची परवानगी, लावलं. आप्पांना ती वर्गणी वाटत होती. त्यांच्या पिढीला हप्ता आणि वर्गणी यांतला फरक चांगला कळतो, पण तो सांगणाऱ्याने सांगायला हवा ना.

पहिले काही आठवडे सगळं छान. रोज सकाळी ॲपवर हिरवी खूण यायची, 'डॉक्टरांनी पाहिले'. ताई तिकडून ती बघून निश्चिंत. खरं सांगायचं तर विकली जात होती ती हीच निश्चिंती.

गणपतीनंतर एका पहाटे आप्पांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. डायबेटिसच्या गोळ्या चालू, आदल्या रात्री जेवण जेमतेम. घड्याळ साखर दाखवत होतं ११६. आईने बटण दाबलं. थोड्या वेळाने मेसेज आला, 'आपली विनंती नोंदवली आहे'. फोन कुणाचाच नाही. शेजारच्या काकू सिव्हिलमधून निवृत्त झालेल्या सिस्टर. त्या ग्लुकोमीटर घेऊन धावत आल्या, बोटाला टोचलं, तर साखर ५१! शुद्धीवर होते म्हणून लगेच साखरेचं पाणी पाजलं, वेळ निभावली. ७० च्या खाली साखर गेली की ती कमीच समजतात, ५४ च्या खाली धोक्याची. त्याच दिवशी सकाळी ॲपवर पुन्हा हिरवी खूण, 'सर्व रीडिंग नॉर्मल'.

मी पोचल्यावर ते घड्याळ आईच्या लाटण्याला बांधलं. लाटण्याचं बीपी १२१/७८, साखर १०९. लाटण्याची तब्येत आप्पांपेक्षा उत्तम. तुमच्याकडे असं काही असेल तर आजच करून बघा.

असल्या घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा असतो. त्वचेखालून रक्ताची लाट पुढे सरकली की परत येणारा उजेड कमीजास्त होतो, त्यावरून नाडीचे ठोके मोजता येतात. रक्तातली साखर त्यावरून कळत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न व औषध प्रशासन) २१ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर इशारा दिला होता की त्वचेला न टोचता साखर मोजणाऱ्या कुठल्याही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, ती वापरू नका. दंडाला चिकटवायचा सेन्सर ही वेगळी गोष्ट. त्याची बारीक तार त्वचेखाली असते, पेशींमधल्या द्रवातली साखर तो मोजतो, रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, आणि एक सेन्सर साधारण दोन आठवडे चालतो. माझ्या सहकाऱ्याच्या आईला तो लावलाय. रात्री साखर उतरली की मुलाचा फोन वाजतो. घरबसल्या देखरेख हे सगळंच थोतांड आहे असं माझं म्हणणं नाही, दंडाला पट्टा बांधायचं चांगलं बीपी मशीनही मी त्यात धरतो.

आमच्या घड्याळाच्या खोक्यावर तळाला मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं, 'वैद्यकीय वापरासाठी नाही, केवळ वेलनेससाठी'. पत्रकावर मात्र स्टेथोस्कोप घातलेले डॉक्टर. भारतात १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आहेत, आणि खऱ्या उपकरणाच्या लेबलवर उत्पादनाच्या किंवा आयातीच्या परवान्याचा क्रमांक असतो. इथे तो नव्हताच. 'पाहणाऱ्या' डॉक्टरांचं नाव ॲपवर होतं, नोंदणी क्रमांक नव्हता. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांप्रमाणे डॉक्टरने तो दाखवायलाच हवा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या वेबसाइटवर नाव टाकून शोधता येतं. मी शोधलं, सापडलं नाही. नर्स एकदाच आली, तीही वजन करून गेली.

पैशाचं प्रकरण सगळ्यात चिवट निघालं. विकणारा म्हणतो, पैसे फायनान्सकडे मागा. फायनान्सवाले म्हणतात, वस्तूशी आमचा संबंध नाही, हप्ता भरा. बँकेत जाऊन मँडेट थांबवता येतं, पण त्याने कर्ज संपत नाही. वसुलीचे फोन सुरू होतात आणि सिबिल स्कोअर पडतो. मोबाइलवर दिलेल्या अशा कर्जांना रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कूलिंग-ऑफची मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत केलं की कर्ज दंडाशिवाय रद्द होतं. मुदत फार छोटी असते. म्हणून आईवडिलांच्या फोनवर अनोळखी फायनान्स कंपनीचा 'अभिनंदन' असा मेसेज दिसला तर त्याच दिवशी विचारा.

घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी एकदा रात्री दोन वाजता ते बटण दाबून बघा. कोण उचलतं, किती वेळात, आणि तुमच्या गावातल्या कुठल्या हॉस्पिटलशी त्यांचं बोलणं झालेलं आहे, हे विचारा. आमच्या त्या तरुणाने 'डेमोमध्ये बटण चालू नसतं' असं सांगितलं होतं, असं आई नंतर म्हणाली.

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, उपकरणाबद्दल अन्न व औषध प्रशासनाला लिहिलं, आणि जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. फायनान्स कंपनीलाही पक्षकार केलंय. निकाल यायचाय, हप्त्यांचा वाद चालू आहे.

तक्रार करणार असाल तर त्याआधी ॲपचे सगळे स्क्रीनशॉट काढून ठेवा. हेल्पलाइनची नोटीस गेल्यावर आमचं खातं त्यांनी बंद केलं. त्या पहाटेचं ११६ आणि सकाळची हिरवी खूण आज फक्त ताईच्या फोनमध्ये आहेत, तिने खातं बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात स्क्रीनशॉट काढून ठेवले होते म्हणून.