क्रिटाचं स्टॅबिलायझर: काही महिने रोज वापरल्यानंतर

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, आणि त्या कामात रेष स्वच्छ असावीच लागते. पेन टॅबलेटवर हात टेबलावर फिरतो, नजर मात्र समोरच्या पडद्यावर असते. त्यामुळे कागदावर सहज येणारी रेष इथे थरथरते. उन्हाळ्यापासून माझं सगळं इंकिंग, म्हणजे कच्च्या चित्रावर पक्की रेष ओढणं, क्रिटात चालू आहे. चित्रं काढायचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं.

फ्रीहँड ब्रश घेतला की टूल ऑप्शन्समध्ये ब्रश स्मूदिंगचे, म्हणजे रेषेची थरथर कमी करण्याचे, बेसिक, वेटेड, स्टॅबिलायझर असे पर्याय दिसतात. सगळं काम एकाच पर्यायावर करायचा हट्ट धरू नका, हे माझं पहिलं सांगणं. केस, गवत, सावलीच्या बारीक रेघा यांना बेसिक पुरतं. तिथे हात भराभर चालला पाहिजे. चेहरे आणि हातपाय मी वेटेडवर काढते. नऊवारीचा काठ, नदीचं वळण, बैलाची पाठ अशी लांबलचक रेष आली की मगच स्टॅबिलायझर.

स्टॅबिलायझरमध्ये रेष पेनाच्या मागून येते, दोरीने ओढलेल्या गाडीसारखी. पेनाच्या हालचालींची सरासरी काढली जाते आणि बारीक थरथर त्यात विरून जाते. डिस्टन्स वाढवला की रेष आणखी मागे राहते. इथला डिले हा पर्याय मला फार आवडला. कर्सरभोवती एक वर्तुळ असतं, त्याच्या आत पेन हलवलं तरी रेष पुढे सरकत नाही. त्यामुळे कोपऱ्यावर थांबून दिशा बदलता येते, आणि कौलांचे, खिडक्यांचे कोपरे गोल न होता टोकदार येतात. फिनिश लाइन चालू ठेवा, म्हणजे पेन उचलल्यावर रेष कर्सरपर्यंत पोचते. वेटेडमधलं स्ट्रोक एंडिंग मात्र शेवटचा तुकडा सरळ जोडतं, त्यामुळे वळणाच्या टोकाशी ते खटकतं. मी ते शून्यावर ठेवते.

डिस्टन्स खूप वाढवू नका, असं मी आग्रहाने सांगेन. जास्त ठेवला की नाक, बोटं, पदर, सगळ्यांची वळणं एकसारखी गुळगुळीत होतात आणि चित्रातला जीव जातो. दाबाचंही तेच. स्मूद प्रेशरमुळे जाड-बारीकपणातला चढउतार सपाट होतो, आणि मला तर रेषेत तोच हवा असतो.

झूमकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० पिक्सेल) ए-४ पान म्हणजे २४८०×३५०८ पिक्सेल. ते पूर्ण पडद्यावर बसवून काढलं तर हाताची छोटीशी थरथरही चित्रात कितीतरी पिक्सेलची होते. जवळ जाऊन काढलं की ती आपोआप घटते. स्केलेबल डिस्टन्स चालू असेल तर स्मूदिंगचं अंतर झूमप्रमाणे बदलतं, म्हणून जवळ आणि लांब दोन्हीकडे हाताला सारखंच वाटतं.

बाकी काम हातालाच करावं लागतं. लांब रेष मनगटातून न ओढता खांद्यातून, एका दमात ओढायची. आपल्या हाताला सोपी पडेल ती दिशा येईपर्यंत ४ आणि ६ या कळांनी कॅनव्हास फिरवायचा, ५ दाबला की तो सरळ होतो. स्टॅबिलायझर कमी ठेवूनही रेष चांगली यायला लागली ती या सवयीमुळे.

एक मर्यादा मात्र आधीच लक्षात घ्या. क्रिटात फ्रीहँड ब्रश व्हेक्टर लेयरवर, म्हणजे रेषा पिक्सेलऐवजी हलवता येणाऱ्या बिंदूंनी बनतात त्या थरावर, चालत नाही. काढून झालेली रेष नंतर बिंदू ओढून दुरुस्त करायची सवय असेल, तर त्यासाठी पाथचं टूल किंवा दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल. शाईने काढल्यासारखी एकदाच ठाम रेष ओढणाऱ्याला त्याची उणीव जाणवणार नाही.